महाधमनीच्या कमानीचं ऑपरेशन चालू असताना मेंदूला रक्त कुठून मिळतं? घरच्यांसाठी पायरीपायरीनं

बायपास किंवा झडपेच्या ऑपरेशनमध्ये हृदय थांबवतात, पण मेंदूचा रक्तपुरवठा थांबत नाही. तेवढा वेळ हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनमधून निघालेलं रक्त महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, सोडलं जातं आणि तिथून नेहमीच्या वाटेनं डोक्यात जातं. महाधमनी वर चढून खाली वळते त्या कमानीचं, म्हणजे आर्चचं, ऑपरेशन इथेच वेगळं पडतं. जो भाग कापून बदलायचा, त्याच भागातून मेंदूला जाणाऱ्या धमन्या फुटलेल्या असतात. रक्त वाहत असताना तिथे टाके घालता येत नाहीत आणि रक्त बंद केलं तर साध्या तापमानाला मेंदू चार-पाच मिनिटांपलीकडे तग धरत नाही. आजव्याच्या तलावाहून वडोदऱ्याला येणारी पाण्याची मुख्य लाइन दुरुस्तीसाठी बंद करायची आणि सयाजी हॉस्पिटलचं पाणी मात्र क्षणभरही तुटू द्यायचं नाही, असा हा पेच आहे.

मी बरीच वर्षं हे हार्ट-लंग मशीन चालवलं. आता दांडिया बाजारातल्या घरी ओळखीचे लोक सीटीचा रिपोर्ट घेऊन येतात आणि विचारतात, "शरीर किती थंड करणार?" तापमान महत्त्वाचं आहेच. पण सर्जनना विचारायचे खरे प्रश्न वेगळे आहेत. कमान उघडी असताना मेंदूला रक्त कुठून देणार, ते किती वेळ तसं द्यावं लागेल, आणि ते पोचतंय हे तुम्हाला कळणार कशावरून? पुढचं सगळं या प्रश्नांभोवतीच आहे.

आधी हे ठरवा: घाई आहे की नाही

कमानीचा फुगवटा, म्हणजे अॅन्युरिझम, तपासणीत सापडला असेल, दुखत नसेल आणि सर्जननी तारीख दिली असेल, तर तुमच्याकडे तयारीला वेळ आहे. अहमदाबादला जाऊन दुसरं मत घ्या, सीटी पुन्हा नीट करून घ्या, प्रश्न लिहून काढा. नुसता फुगवटा असेल, तर सहसा साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास ऑपरेशनचा विचार होतो. घरात कुणाला असा आजार असेल किंवा मार्फान सिंड्रोमसारखी जन्मजात अडचण असेल, तर त्याआधीही होतो.

टाइप ए डिसेक्शनची गोष्ट निराळी. यात महाधमनीचा आतला थर हृदयाजवळच्या भागात फाटतो आणि रक्त दोन थरांमध्ये शिरतं. पहिल्या एक-दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका एक ते दोन टक्क्यांनी वाढतो, असं शिकवलं जातं. छातीत किंवा पाठीत अचानक, पहिल्याच क्षणी असह्य अशी कळ, दोन्ही हातांच्या बीपीत मोठा फरक, जोडीला एखादा हात-पाय लुळा पडणं, अशी लक्षणं असली तर ती तशीच्या तशी डॉक्टरांना सांगा. हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करणारी औषधं दिली गेली, तर पुढच्या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव आवरताना नाकी नऊ येतात. वडोदऱ्याहून अहमदाबाद साधारण 110 किलोमीटर. जायचंच ठरलं, तर अॅम्ब्युलन्समध्ये बीपी आणि नाडी आटोक्यात ठेवणारं औषध चालू हवं आणि तिथल्या टीमला आधी फोन गेलेला हवा. अशा वेळी तिसऱ्या मताच्या मागे लागू नका.

सीटी: छातीपुरता पुरत नाही

कमानीतून सहसा तीन मोठ्या फांद्या निघतात. पहिली उजवीकडची, इनॉमिनेट. ती पुढे दुभागते आणि उजवी कॅरोटिड मानेतून मेंदूकडे, तर उजवी सबक्लेव्हियन हाताकडे जाते. दुसरी डावी कॅरोटिड, तिसरी डावी सबक्लेव्हियन. दोन्ही सबक्लेव्हियनमधून एकेक व्हर्टिब्रल धमनी मानेच्या मणक्यांतून वर चढते आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देते. चारही वाटा मेंदूच्या तळाशी एका वर्तुळात जोडल्या जातात. थॉमस विलिस यांनी 1664 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते सर्कल ऑफ विलिस. एका बाजूनं रक्त दिलं तर दुसऱ्या बाजूला ते याच वर्तुळातून पोचतं.

पण पुस्तकातल्या चित्रासारखं पूर्ण वर्तुळ फार लोकांत नसतं. कुणात जोडणारी नळी दोऱ्यासारखी बारीक, कुणात ती नाहीच. कमानीचीही तऱ्हा तीच. डावी कॅरोटिड इनॉमिनेटच्या मुळापासूनच निघणं अगदी नेहमीचं आहे, आणि काही जणांत डावी व्हर्टिब्रल थेट कमानीतूनच निघते. ऑपरेशनमध्ये हे ऐनवेळी कळण्यापेक्षा आदल्या आठवड्यात कळलेलं बरं. म्हणून तारीख ठरवून होणाऱ्या ऑपरेशनसाठी सीटी अँजिओ डोक्यापासून जांघेपर्यंतचा आहे का, हे विचारा. फक्त छातीचा झाला असेल, तर मान आणि मेंदूच्या धमन्या कशा पाहणार, ते विचारा. वय जास्त, तंबाखू किंवा विडी, पूर्वीचा पक्षाघात यातलं काही असेल तर मानेचा डॉप्लर हवाच. कॅरोटिडमध्ये आधीच अडथळा असेल, तर सगळा बेत बदलू शकतो.

दुसऱ्या मताला जाताना सीडी किंवा पेनड्राइव्ह न्या. रिपोर्टचा कागद आणि फिल्मवरची चार चित्रं पाहून कुणीही नीट सांगू शकत नाही. सीटीच्या आधी क्रिअॅटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट दाखवा आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा.

घरी बसून करायचा एक कागद

या कागदाचं मोल लोकांना ऑपरेशननंतर कळतं. त्यावर पेशंटची आजची अवस्था लिहायची. डावरा की उजवा, कोणत्या कानानं कमी ऐकू येतं, चष्मा, कवळी, एखाद्या हाताला आधीपासून बधिरपणा आहे का, विसरभोळेपणा आहे का. कधीतरी पाच मिनिटं तोंड वाकडं झालं होतं आणि आपोआप बरं झालं, हेसुद्धा लिहा. अशी गोष्ट घरचे सांगायची विसरतात आणि सर्जनना तीच हवी असते.

भाषाही लिहा. आपल्याकडची सत्तरीतली आजी बाजारात सफाईनं गुजराती बोलते, पण भूल उतरताना तिच्या तोंडून मराठीच येणार. सिस्टर गुजरातीत "हाथ ऊंचो करो" म्हणतात, आजी नुसती बघत राहते, आणि फाइलवर "सूचना पाळत नाही" अशी नोंद होते. "मराठीत बोला, उजव्या कानाशी बोला" एवढ्या दोन सूचना कागदावर असतील, तर एखादा विनाकारण सीटी टळतो.

आणि दारू. गुजरातमध्ये दारूबंदी असल्यामुळे घरचे हे हमखास लपवतात. रोज घेणारा माणूस आयसीयूमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरायला लागतो, बरळतो, नळ्या ओढतो. मेंदूला इजा झाली की दारू तुटल्यामुळे हे चाललंय, हे डॉक्टरांना आधी माहिती नसेल तर ओळखणं अवघड जातं. भूलतज्ज्ञ पोलिसांत जात नाहीत. किती घेतात, शेवटची कधी घेतली, सरळ सांगा. रोजची झोपेची गोळीही सांगा.

रक्ताची तयारीही आताच करा. थंड केलेल्या शरीरात रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे रक्ताबरोबर प्लेटलेट आणि प्लाझ्माही लागतात. किती दाते हवेत, ते रक्तपेढीत विचारा आणि गणेश मंडळातल्या पोरांना सांगून ठेवा. आयुष्मान कार्डवर ऑपरेशन असेल, तर ग्राफ्ट (कमानीच्या जागी शिवायची कृत्रिम नळी) आणि स्टेंट पॅकेजमध्ये बसतात का, ते लेखी घ्या.

ओटीत पहिला तास: पहारा बसवणं

पेशंटला भूल दिल्यावर दोन्ही मनगटांच्या धमन्यांत बारीक नळ्या घालतात. उजव्या मनगटातला दाब पुढे मेंदूच्या रक्ताचा अंदाज देतो. नाकातून घशामागे एक तापमापी जाते, ती मेंदूच्या जवळचं तापमान सांगते. दुसरी मूत्राशयात बसवतात, ती उरलेल्या शरीराचं. कपाळाच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी चिकटवतात. तिला निर्स म्हणतात. तिच्यातला प्रकाश कवटीतून जाऊन मेंदूच्या पुढच्या भागातल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे, ते सतत दाखवतो. आकडा सुरुवातीच्या पातळीपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त घसरला किंवा पन्नासच्या खाली गेला, की सगळ्यांनी मान वर करायची. या पट्टीला मेंदूचा मागचा भाग दिसत नाही, ही तिची मोठी मर्यादा. तरीही दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे व्हायला लागले, तर डावीकडे रक्त पोचत नसल्याची पहिली वर्दी तिच्याकडूनच मिळते. तुमच्या हॉस्पिटलात निर्स वापरतात का, हे विचारायला संकोच करू नका.

थंड करणं

शरीर एक अंश थंड झालं की मेंदूची ऑक्सिजनची गरज सहा-सात टक्क्यांनी कमी होते. रक्त पूर्ण बंद ठेवलं तर मेंदू किती वेळ सुरक्षित राहतो, याचे 1999 मध्ये मांडलेले अंदाज आजही शिकवतात: 37 अंशांना पाच मिनिटं, 30 ला नऊ, 25 ला चौदा, 20 ला एकवीस, 15 ला एकतीस. 1975 मध्ये रँडल ग्रीप यांनी खोल थंडावा देऊन, रक्ताभिसरण थांबवून कमान बदलण्याची पद्धत मांडली, तेव्हा भिस्त या थंडाव्यावरच होती. त्याआधी 1957 मध्ये डिबेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूला वेगळ्या नळ्यांनी रक्त देत कमान बदलली होती. म्हणजे आज जी पद्धत नवी म्हणून सांगतात, तिचं मूळ जुन्यापेक्षाही जुनं आहे.

नुसत्या थंडाव्याला मर्यादा आहे. 1993 मध्ये स्वेन्सन यांनी 656 पेशंटचा अभ्यास मांडला. रक्त चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ बंद राहिलं की पक्षाघात वाढले आणि पासष्ट मिनिटांनंतर मृत्यू वाढले. म्हणून हल्ली बऱ्याच ठिकाणी 20 ते 28 अंशांचा मध्यम थंडावा आणि जोडीला मेंदूला स्वतंत्र रक्त, असा मेळ घालतात. फार खोल गेलं की परत गरम करायला वेळ लागतो, पंपावरचा, म्हणजे मशीनवरचा, काळ लांबतो, रक्तस्राव वाढतो.

थंड करणंही सावकाश हवं. मशीनमधून येणारं रक्त आणि शरीर यांच्या तापमानात दहा अंशांपेक्षा जास्त फरक ठेवत नाहीत. नाकातला आकडा खाली आला म्हणून पूर्ण मेंदू तितका थंड झाला असं नसतं, म्हणून आकडा गाठल्यावरही थोडं थांबायचं. डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवतात; स्वस्त उपाय आहे, डोकं बाहेरून गरम होऊ देत नाही. डोळे आणि कान मात्र झाकलेले हवेत, बर्फानं कातडी भाजते.

थंड रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजण्याच्या दोन रीती आहेत, अल्फा-स्टॅट आणि पीएच-स्टॅट. मोठ्या माणसांत बहुतेक टीम पहिली पाळतात. घरच्यांनी यात शिरायची गरज नाही.

कमान उघडली: आता मेंदूचं रक्त कुठून

सर्वांत जास्त वापरली जाणारी वाट उजव्या काखेकडे जाणाऱ्या अॅक्सिलरी धमनीची. उजव्या कॉलरबोनखाली छोटा छेद घेऊन तिला साधारण आठ मिलिमीटरचा कृत्रिम नळीचा तुकडा शिवतात आणि मशीनचं रक्त त्यातून सोडतात. एरवी हेच रक्त साऱ्या शरीराला जातं. कमान उघडायची वेळ आली की पंप मंद करतात आणि इनॉमिनेटच्या मुळाशी क्लॅम्प लावतात. आता रक्ताला कमानीकडे जायला वाट नाही. ते उजव्या कॅरोटिडमधून आणि उजव्या व्हर्टिब्रलमधून वर चढतं. याला अँटिग्रेड सेरेब्रल पर्फ्युजन म्हणतात, ओटीत नुसतं एसीपी.

प्रमाण शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला आठ ते बारा मिलिलिटर. साठ किलोच्या माणसाला मिनिटाला पाचशे ते सातशे मिलिलिटर, एरवी लागतं त्या चारेक लिटरच्या तुलनेत अगदीच थोडं. उजव्या मनगटातला दाब पन्नास ते सत्तरच्या दरम्यान राखायचा. जास्त दिलं की भलं होतं असं नाही. दाब फार वाढला तर मेंदूला सूज येते. डावी सबक्लेव्हियनसुद्धा बंद करावी लागते, नाहीतर वर्तुळातून आलेलं रक्त डाव्या व्हर्टिब्रलमधून उलटं खाली उतरून हाताकडे किंवा उघड्या कमानीत वाहून जातं.

एका बाजूनं पुरतं की दोन्ही बाजूंनी द्यायचं, यावर सर्जनांमध्ये अजून मतभेद आहेत. एका बाजूचे समर्थक म्हणतात, डाव्या कॅरोटिडच्या तोंडात नळी सरकवताना तिथेच साठलेला कॅल्शियमचा कण सुटून मेंदूत जाण्याची भीती असते, शिवाय शिवायच्या जागेत अडगळ होते. दुसरी बाजू म्हणते, वर्तुळ अपुरं निघालं तर डावा मेंदू उपाशी राहील. माझं मत असं की काम अर्ध्या तासात उरकणार असेल आणि निर्सचे दोन्ही आकडे सारखे असतील, तर एक बाजू ठीक. काम त्यापुढे लांबणार हे आधीच दिसत असेल, तर डावी नळी बेतातच धरावी. आकडा घसरल्यावर धावपळ करत ती बसवणं हा वाईट पर्याय.

आकडा घसरला तर टीम काय करते? आधी नळी वळली किंवा सरकली नाही ना, मान जास्त फिरली नाही ना, हे पाहते. मग दाब आणि प्रवाह थोडा वाढवते, हिमोग्लोबिन तपासते, कार्बन डायऑक्साइड फार खाली गेला असेल तर वर आणते. तरीही डावीकडचा आकडा सुधारला नाही, तर डाव्या कॅरोटिडमध्ये नळी घालून तिथूनही रक्त सुरू करते.

उलट्या दिशेनं, म्हणजे डोक्यातून परतणाऱ्या वरच्या महाशिरेतून थंड रक्त वर ढकलायची पद्धत जपानच्या उएदा यांनी 1990 मध्ये मांडली. यात शिरेतला दाब सहसा पंचवीसच्या वर जाऊ देत नाहीत. डोकं थंड राहतं, धमन्यांतली हवा आणि कचरा बाहेर धुतला जातो. पण मेंदूच्या पेशींना त्यातून मिळणारं पोषण फारच तोकडं असतं. थोड्या वेळाच्या कामाला काही टीम आजही ती वापरतात.

एक गोष्ट घरच्यांच्या ध्यानात येत नाही. मेंदूला वेगळं रक्त मिळत असलं, तरी कमानीच्या खालच्या शरीराला त्या वेळात मिळत नाही. किडन्या आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू फक्त थंडाव्याच्या भरवशावर असतात, आणि 28 अंशांना तो भरवसा 20 अंशांइतका लांब पुरत नाही. म्हणून "मेंदूला रक्त चालू आहे, मग घाई कशाला" असं कुणी म्हणत नाही. कमानीपासून खाली स्टेंट असलेली नळी सोडायची असेल, तिला फ्रोझन एलिफंट ट्रंक म्हणतात, तर कण्याला जाणारं रक्त कमी होऊन पाय लुळे पडण्याचा धोका असतो. तो किती आणि त्यासाठी काय करणार, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा.

हवा आणि कचरा

कमानीच्या ऑपरेशननंतरचे बरेचसे पक्षाघात प्रवाह कमी पडून होत नाहीत. कॅल्शियमचा कण, रक्ताची गुठळी, हवेचा बुडबुडा मेंदूत जाऊन अडकतो, त्यातून होतात. म्हणून छातीत कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, कारण तो हवेपेक्षा लवकर रक्तात विरघळतो. डोकं खालच्या बाजूला ठेवतात. फांद्या जोडण्याआधी आतला चुरा धुऊन काढतात. खालचा सांधा झाल्यावर रक्त नव्या ग्राफ्टमधून पुढच्या दिशेनं सुरू करतात. जांघेतून उलटं सोडलं, तर खालच्या महाधमनीतला कचरा वर येऊ शकतो. अन्ननलिकेतल्या सोनोग्राफीवर हवा उरली का, ते बघतात. हे काम दिसायला कंटाळवाणं, पण टीमची शिस्त मला नेहमी इथेच कळली.

गरम करणं

बाहेर बसलेल्यांना निरोप येतो, "मुख्य काम झालं," आणि त्यानंतर दोन-तीन तास काहीच कळत नाही. घाबरू नका. 30 अंशांनंतर रक्त आणि शरीर यांच्यात चार अंशांपेक्षा जास्त फरक नको, मिनिटाला अर्ध्या अंशापेक्षा वेग नको आणि मेंदूकडे जाणारं रक्त 37 च्या वर कधीच नको. इजा झालेला मेंदू तापला की इजा वाढते. सगळे थकलेले असतात, घड्याळाकडे नजर असते, आणि नेमकी इथेच घाई करावीशी वाटते. त्यानंतर रक्तस्राव थांबवायलाही वेळ लागतो. सकाळी आत नेलेला पेशंट रात्री बाहेर आला, तर एवढ्यावरून काही बिघडलं असं समजू नका.

आयसीयू आणि नंतर

भूल उतरली की पहिली तपासणी साधी: डोळे उघडा, दोन्ही हात दाबा, दोन्ही पाय हलवा. पाय मुद्दाम तपासतात, ते कण्यासाठी. काही जण काही दिवस गोंधळलेले असतात, रात्र-दिवस उलटा होतो, भिंतीवर काहीबाही दिसतं. हे बहुधा ओसरतं. भेटीच्या वेळी चष्मा आणि कानाचं यंत्र घालून द्या, मराठीत बोला, आज कोणता वार ते सांगा, वाद घालू नका. एक हात उचलत नाही, तोंड वाकडं, शब्द सापडत नाहीत, एकीकडे नजर खिळलेली, असं दिसलं तर भेटीची वेळ संपायची वाट न पाहता त्याच क्षणी सिस्टरना सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इतक्या मोठ्या ऑपरेशननंतर सहसा देता येत नाही, पण मोठी धमनी बंद असेल तर कॅथेटरनं गुठळी काढता येऊ शकते. त्यात वेळ फार मोलाचा.

घरी आल्यावर काही आठवडे लक्ष लागत नाही, हिशेब चुकतात, चिडचिड होते. तीन महिन्यांनंतरही तसंच असेल, तर मेंदूतज्ज्ञांना दाखवा. बीपीची वही ठेवा आणि सर्जननी ठरवून दिलेली पातळी तिच्या पहिल्या पानावर लिहा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. महाधमनीच्या पेशंटमध्ये ती शक्यतो टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं 2018 मध्ये दिला आहे. पुढचा सीटी कधी, ते डिस्चार्जच्या दिवशीच लिहून घ्या आणि जुनी सीडी जपून ठेवा, कारण उरलेल्या महाधमनीची तुलना तिच्याशीच होते. पेशंटच्या सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा एकदा इको करून घ्या. त्यात काही शंका आली, तर त्यांचाही सीटी करावा लागेल.